नव्या घराचं फर्निचर: आधी भिंत बघा, मग लाकूड

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की वास्तुशांतीच्या तारखेआधी वॉर्डरोब, टीव्ही युनिट, पलंग सगळं उभं राहिलं पाहिजे अशी घाई सुरू होते. फर्निचर वेळेआधी खराब होतं त्याची मुळं बऱ्याचदा याच घाईत असतात, कारण नव्या घरात ओल असते. वाळवी ओलीमागे येते, बुरशी ओलीवर वाढते, पार्टिकल बोर्ड ओलीने फुगतो, सनमायकाच्या कडा ओलीने सुटतात. म्हणून सुरुवात भिंतीपासून करू.

काँक्रीट, ब्लॉकची जोडणी, प्लास्टर, टाइलखालचा मसाला या सगळ्यात पाणी घातलेलं असतं आणि ते पूर्ण बाहेर पडायला महिने लागतात. वरून पुट्टी आणि रंगाचे हात बसले की भिंत सुकल्यासारखी दिसते. अशा भिंतीला टेकवून प्लायची पाठ ठोकली की ओलीचा बाहेर जायचा रस्ता बंद होतो आणि ती प्लायमध्ये उतरते.

दुसरी ओल पावसाची. मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात, त्यामुळे मुंबई, कोकण, गोवा आणि घाटमाथ्याच्या गावांत दक्षिण-पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतींना पावसाचा मारा सगळ्यात जास्त बसतो. वास्तुशास्त्र मानणाऱ्या घरांत तर जड कपाट नेमकं नैर्ऋत्य कोपऱ्यातच ठेवतात. श्रद्धा जरूर सांभाळा. फक्त त्या कोपऱ्यातली एखादी भिंत आतली असेल तर कपाटाची पाठ तिच्याकडे करा. दोन्ही भिंती बाहेरच्या असतील तर मागे किमान तीन इंच मोकळे सोडा आणि कपाट सुटंच ठेवा, भिंतीत बांधून घेऊ नका.

भिंत ओली आहे का, हे घरच्या घरी कळतं. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा भिंतीवर लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा. २४ तासांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला दव धरलं असेल तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला दमटपणा जाणवत असेल तर तो खोलीतल्या हवेचा आहे. ही चाचणी जमिनीपासून एक फुटावर, खिडकीच्या खालच्या कोपऱ्याशी आणि बाथरूमच्या भिंतीच्या उलट बाजूला अशी तीन ठिकाणी करा. बाथरूमला लागून वॉर्डरोब येणारच असेल तर आधी बाथरूमची जाळी बंद करून जमिनीवर इंचभर पाणी २४ ते ४८ तास साठवून ठेवा. पाणी उतरलं किंवा पलीकडची भिंत काळवंडली तर आधी वॉटरप्रूफिंगची तक्रार बिल्डरकडे लेखी द्या. वॉर्डरोब उभा राहिल्यावर ती दुरुस्ती करायची म्हणजे वॉर्डरोबही मोडायचा.

शक्य असेल तर भिंतीत बांधायचं फर्निचर पहिला पावसाळा बघितल्यावरच करा. जुलै-ऑगस्टमध्ये कुठल्या कोपऱ्यात पापुद्रे सुटतात, कुठे बुरशीचे ठिपके येतात, हे एकदा दिसलं की कपाटाची जागा आपोआप ठरते. तोवर पलंग, गादी, चार खुर्च्या, एक टेबल आणि एक स्टीलचं कपाट एवढ्यावर घर उत्तम चालतं. ज्यांना थांबणं जमत नाही त्यांनी निदान स्वयंपाकघर आधी करावं आणि बेडरूमचे वॉर्डरोब मागे ठेवावेत.

मापं: खोलीआधी वाट

टेप घेऊन आधी सामान वर कसं येणार ते मोजा. तीन फुटांच्या चौकटीत दार उघडं असताना प्रत्यक्ष ३२-३३ इंचच वाट मिळते. लिफ्टचं दार किती उघडतं, आतली उंची किती, जिन्याच्या वळणावर किती रुंदी आहे, हे लिहून घ्या. सहा फूट बाय साडेसहा फुटांची स्प्रिंगची गादी दुमडत नाही, ती लिफ्टमध्ये मावली नाही तर जिन्यानेच आणावी लागते. सोसायटीत सामान चढवण्याच्या वेळा आणि डिपॉझिट काय आहे, तेही आधीच विचारून ठेवा.

मग खोली. फरशीवर खडूने किंवा कागदी चिकटपट्टीने प्रत्येक वस्तूचा आकार प्रत्यक्ष आखा आणि दोन दिवस त्या आखणीच्या बाजूने चाला. कपाटाची दारं जिथवर उघडतील तिथवरचा भागही आखा. नकाशावर मोठी वाटणारी दहा बाय अकराची खोली इथे खरी किती आहे ते कळतं.

काही मापं पाठ असावीत. पलंगाच्या ज्या बाजूने उतरायचं तिथे दोन फूट मोकळे हवेत. उघडणाऱ्या दारांच्या वॉर्डरोबची पुढून मागपर्यंतची खोली २४ इंच, सरकत्या दारांची २६-२७ इंच, नाहीतर हँगर दाराला घासतात. जेवणाच्या टेबलाची उंची ३० इंच, खुर्चीची बैठक १८ इंच, प्रत्येक माणसामागे टेबलाची कड २४ इंच, आणि खुर्ची मागे ओढायला टेबलापासून भिंतीपर्यंत किमान ३० इंच. सोफ्याची बैठक १६ ते १८ इंच उंच असते. घरात गुडघे दुखणारे आजी-आजोबा असतील तर १८-१९ इंच उंच आणि थोडी घट्ट बैठक घ्या. खोल, मऊ सोफ्यातून त्यांना कुणाचा तरी हात धरूनच उठावं लागतं.

काय कशासाठी

सागवान टिकतं ते त्याच्या गाभ्यातल्या तेलामुळे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं सागवान बाजारात अजूनही सीपी (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे जुना मध्य प्रांत) टीक म्हणून ओळखलं जातं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड गेलं ते याच भागातल्या बल्लारपूरहून. पण सागवान म्हणून विकलं जाणारं सगळं लाकूड गाभ्याचं नसतं. सालीलगतचा पांढरट-पिवळसर भाग लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याला आवडतो, कारण त्यात पिष्ट (स्टार्च) असतं. लागवडीच्या कोवळ्या झाडांत हा भाग जास्त निघतो. खुर्चीचे पाय, पलंगाच्या खालच्या पट्ट्या, ड्रॉवरची आतली बाजू अशा न दिसणाऱ्या ठिकाणीच तो वापरलेला असतो, म्हणून वस्तू उलटी करून बघा. पॉलिश गडद असेल तर विकणाऱ्याला एका आतल्या कोपऱ्यात घासून दाखवायला सांगा.

जुनं सागवान किंवा शिसव हा फार चांगला मार्ग आहे आणि तो अधिक लोकांनी वापरायला हवा. मुंबईत ओशिवरा आणि चोर बाजार, पुण्यात जुना बाजार इथे जुनी कपाटं, पलंग, वाड्यांमधून निघालेलं लाकूड मिळतं. कित्येक वर्षं वाळलेलं लाकूड आता वाकायचं-तडकायचं राहिलेलं असतं. घेताना टोकदार खिळ्याने पायांच्या तळाला टोचून बघा. खिळा सहज आत गेला तर आतून पोकळ आहे. वस्तू पांढऱ्या कागदावर ठेवून ठोका. पिठासारखी भुकटी पडली तर कीड अजून जिवंत असण्याची शक्यता आहे, ती घरात आणू नका.

आंबा, रबरवुड, बाभूळ ही लाकडं स्वस्त आणि दिसायला छान असतात. आंबा आणि रबरवुड यांवर बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया झालेली असेल तरच घ्या, आणि तसं बिलावर लिहून मागा. राजस्थानच्या कोरड्या हवेत बनलेली वस्तू कोकणात आली की दमट हवा शोषून फुगते आणि ड्रॉवर अडकू लागतात. लाकडातला ओलावा मोजायचं छोटं यंत्र चांगल्या सुताराकडे असतं. फर्निचरच्या लाकडासाठी साधारण १० ते १४ टक्के आकडा चालतो. १८-२० दाखवत असेल तर ते लाकूड अजून वाळायचं आहे.

आता प्लाय, कारण बहुतेकांचं फर्निचर याचंच असतं. एमआर म्हणजे दुकानातला कमर्शियल प्लाय, तो फक्त कोरड्या खोलीसाठी. बीडब्ल्यूआर उकळत्या पाण्यात काही तास तग धरतो, तो वॉर्डरोब आणि पलंगासाठी पुरेसा आहे. बीडब्ल्यूपी म्हणजे मरीन, तो स्वयंपाकघराच्या खालच्या कपाटांसाठी. पहिले दोन आयएस ३०३ या मानकात येतात आणि मरीन आयएस ७१० मध्ये. मरीनच्या कसोटीत प्लायचा तुकडा ७२ तास उकळतात.

इथे फसवणूक होते ती शिक्क्यावर. शीटवर नुसतं ७१० छापलेलं असतं आणि आयएसआयचं चिन्ह नसतं. अस्सल शिक्क्यात आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का, ते दिसतं. दुकानातच फोनवर बघून घ्या.

शीटची जाडी मोजा. सुतार पाऊण इंच किंवा सहा सूत म्हणतात ती शीट १९ मिलिमीटर असायला हवी. बाजारात १७ च्या आसपासची शीटही त्याच नावाने जाते. कापलेली कड उजेडात धरून बघा: मधल्या थरांत भोकं किंवा एकमेकांवर चढलेले थर दिसले तर स्क्रू तिथेच निसटणार. पूर्ण पृष्ठभागावर बोटाच्या पेराने टकटक करत जा, पोकळ आवाज आला ती जागा खडूने खूण करून परत करा. आठ बाय चारची १९ मिलिमीटरची चांगली शीट साधारण ३० ते ३६ किलो भरते, एकट्याने सहज उचलता आली तर शंका घ्या. आणि खरी परीक्षा हवी असेल तर दोन इंचांचा तुकडा जुन्या पातेल्यात चार-पाच तास उकळा. मरीनचे थर सुटत नाहीत, कमर्शियलचे पानासारखे वेगळे होतात.

वॉर्डरोबची सात फुटी दारं प्लायची केली तर वाकतात. उंच दारांना ब्लॉकबोर्ड घ्या, त्यात लांबीच्या दिशेने लाकडाच्या पट्ट्या असतात आणि तो सरळ राहतो. दाराच्या दोन्ही बाजूंना सनमायका लावणं गरजेचं आहे. बाहेर एक मिलिमीटरचा सनमायका आणि आत नुसता रंग, असं केलं की एक बाजू ओल घेते, दुसरी घेत नाही आणि दार धनुष्यासारखं वाकतं. मग बिजागऱ्या कितीही फिरवा, वरचा कोपरा पुढे आलेलाच राहतो.

पार्टिकल बोर्ड म्हणजे भुसा-चिपा चिकटवून दाबलेला बोर्ड. भाड्याच्या घरासाठी, मुलांच्या पुस्तकांच्या छोट्या रॅकसाठी ठीक आहे. पाणी लागलं की कड फुगते आणि वाळल्यावर पुन्हा बसत नाही. एकदा निघालेला स्क्रू त्याच भोकात धरत नाही, त्यामुळे घर बदलताना दोनदा खोलून जोडलं की संपलं. घ्यायचाच असेल तर चारही कडांना पट्टी चिकटवलेली आहे ना ते बघा, पाठीमागच्या आणि तळाच्या कडासुद्धा. सिंकखाली मात्र पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड) नकोच. तिथे डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचा) किंवा पीव्हीसी बोर्ड वापरा.

स्टीलच्या कपाटाला वाळवी लागत नाही आणि कोकणात त्याला तोड नाही. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड: २० गेज साधारण ०.९ मिलिमीटर, २२ गेज ०.७ च्या आसपास. हे कपाट गंजतं ते तळातून, लादी पुसताना लागणाऱ्या पाण्याने. रबरी बुटांवर किंवा ग्रॅनाइटच्या दोन पट्ट्यांवर ठेवलं की वर्षं वाढतात.

सुताराकडून करून घेताना

बहुतेक सुतार दर्शनी चौरस फुटाचा भाव सांगतात, म्हणजे उंची गुणिले रुंदी. त्या भावात काय काय येतं ते कागदावर उतरवल्याशिवाय काम सुरू करू नका: प्लायचा प्रकार, कंपनी आणि जाडी, पाठीला काय, सनमायकाची जाडी, बिजागरी आणि ड्रॉवरच्या चॅनेलची कंपनी, आत सनमायका की रंग, हँडल कुणाचे. पाठ किमान सहा मिलिमीटर प्लायची हवी. तीन मिलिमीटरच्या हार्डबोर्डची पाठ पहिल्याच पावसात लाटांसारखी होते. पैसे टप्प्याटप्प्याने द्या: सामान आल्यावर, सांगाडा उभा राहिल्यावर, दारं बसल्यावर, आणि शेवटचा हप्ता सगळे ड्रॉवर उघडून-मिटून बघितल्यावर.

काम चालू असताना लक्ष ठेवायच्या जागा मोजक्याच आहेत. कपाटाचा तळ जमिनीला टेकू नये, तीन-चार इंचांचे पीव्हीसी पाय किंवा ग्रॅनाइटचा कठडा असावा. प्लायच्या पाठीला भिंतीकडून वाळवीविरोधी द्रावणाचा आणि प्रायमरचा हात मारलेला असावा. कप्प्याची फळी अडीच फुटांपेक्षा लांब असेल तर मध्ये उभा आधार हवा, नाहीतर साड्यांच्या किंवा पुस्तकांच्या वजनाने मध्ये झोळ येतो. पार्टिकल बोर्डात ही मर्यादा दोन फूट धरा. सात फुटी दाराला चार बिजागऱ्या, पाच फुटीला तीन. दाराची रुंदी १८ ते २० इंचांच्या पुढे नेऊ नका. पलंगाच्या खणाच्या तळाला आणि गादीखालच्या प्लायला इंचभराची भोकं पाडून घ्या. ही भोकं नसली की गादीच्या खालच्या बाजूला घामाची वाफ अडकते आणि काळे डाग येतात.

पॉलिश पावसाळ्यात करू नका. दमट हवेत पॉलिश वाळताना पांढुरकं धुरकट पडतं आणि ते काढायचं तर पुन्हा घासून पहिल्यापासून सुरुवात. ऑक्टोबरपासून मेपर्यंतचा कुठलाही कोरडा आठवडा चालेल. नवीन प्लाय आणि बोर्डातून येणारा डोळे चुरचुरणारा वास चिकटद्रव्यातल्या फॉर्मल्डिहाइडचा असतो. काम झाल्यावर सगळी दारं-ड्रॉवर उघडे ठेवून दहा-पंधरा दिवस खिडक्यांतून वारा खेळू द्या, आणि लहान मुलांच्या खोलीसाठी ई-१ किंवा ई-० दर्जाचा, म्हणजे फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारा बोर्ड मागा.

सोफा आणि गादी

सोफ्याचा आतला सांगाडा दिसत नाही, म्हणून त्याची परीक्षा अशी: पुढचा एक पाय सहा इंच वर उचला. दुसरा पुढचा पाय लगेच उचलला गेला तर सांगाडा घट्ट आहे, तो जमिनीवरच राहिला तर सांधे ढिले आहेत. खालचं काळं कापड एका कोपऱ्यात उचलून लाकूड आणि पट्टे बघायला मागा. बैठकीचा फोम ४० घनतेचा, पाठीचा २८ ते ३२ चा असावा. हा आकडा बिलावर लिहून घ्या, कारण हलका फोम दुकानात जास्त मऊ आणि सुखाचा वाटतो आणि वर्षभरात खड्डा पडतो.

कापडाची खोळ चेन असलेली आणि निघणारी घ्या. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पीयूचं (पॉलियुरेथेनचं) कृत्रिम चामडं टाळावं. दमट हवेत त्याचा वरचा थर हळूहळू विघटित होतो आणि पापुद्रे निघायला लागतात, त्याला कुठलीही क्रीम थांबवू शकत नाही. साधं पीव्हीसीचं रेक्झिन उन्हाळ्यात तापतं, पण त्याहून जास्त टिकतं.

भिंतीला धरून ठेवणं

पाच फुटांहून उंच सुटं कपाट किंवा पुस्तकांचं रॅक भिंतीला एल ब्रॅकेटने अडकवलंच पाहिजे. मूल खालचे ड्रॉवर उघडून त्यावर चढलं की अख्खं कपाट पुढे येतं. यात हलगर्जीपणा नको.

नव्या इमारतींत भिंत कशाची आहे हे आधी विचारा. सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकमध्ये साधी गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायचा प्लग, धरत नाही, थोड्याच दिवसांत भोक मोठं होऊन स्क्रू बाहेर येतो. त्यासाठी खास सिपोरेक्सच्या, आत गेल्यावर फुलणाऱ्या लांब नायलॉनच्या गिट्ट्या मिळतात. भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. मायवान पद्धतीच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) इमारतीत भिंतच काँक्रीटची असते. तिथे हॅमर ड्रिल लागतं, पण विजेच्या नळ्या भिंतीतच ओतलेल्या असतात, म्हणून स्विचच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल लावू नका. पक्क्या भिंतीत आठ मिलिमीटरचं भोक, आठची गिट्टी आणि दोन इंची स्क्रू एवढं पुरतं. मागे तीन इंच अंतर सोडलं असेल तर तेवढ्या जाडीचा लाकडी ठोकळा मध्ये घालून, त्या मानाने लांब स्क्रूने ब्रॅकेट बसवा.

पावसाळा, बुरशी, कीड

जुलैमध्ये लाकडी ड्रॉवर किंवा दार अडकलं की लगेच रंधा मारू नका. लाकूड फुगलेलं आहे, ते हिवाळ्यात आकसणार आणि तेव्हा तीच फट दिसत राहणार. मेणबत्ती घासून काम चालवा. डिसेंबरमध्येही अडकत असेल तरच सुताराला बोलवा.

बुरशी हवेच्या दमटपणावर वाढते. डांबर गोळ्यांनी कसर दूर राहते, बुरशी थांबत नाही. दमटपणा शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा आणि पाणी भरलं की लगेच बदला, कारण ते सांडलेलं पाणी कपड्यांवर डाग पाडतं आणि लोखंड गंजवतं. ऊन पडेल त्या दिवशी दारं तासभर सताड उघडून पंखा लावा. इस्त्री केलेले कपडे पूर्ण थंड झाल्याशिवाय आत ठेवू नका. बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने झटकू नका, कण उडून घरभर होतात. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने टिपा, मग कोरडं पुसा आणि पंख्याखाली वाळवा. सनमायकावर पांढरं व्हिनेगर चालतं, पॉलिशवर नाही.

कीड ओळखायला भुकटी बघा. मैद्यासारखी बारीक भुकटी आणि टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं म्हणजे भुंगा. खसखशीसारखे टणक दाणे म्हणजे कोरड्या लाकडातली वाळवी. भिंतीवरून किंवा पायावरून चढणारी मातीची नळी म्हणजे जमिनीतून येणारी वाळवी, आणि ती पाइपांच्या डक्टमधून वरच्या मजल्यांपर्यंतही जाते. मातीची नळी दिसली की ती लगेच झाडून टाकू नका. आधी फोटो काढा, कुठून निघते ते शोधा, तशीच पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवा. नुसती नळी पुसली की वाळवी वाट बदलते आणि पुढची वाट कपाटाच्या आतून असते. काम देताना भिंत आणि जमीन जिथे मिळते तिथे फूट-फूट अंतरावर भोकं पाडून औषध भरणार का, औषधाचं नाव काय, हमी किती वर्षांची, हे लेखी घ्या. नुसती फवारणी पुरत नाही. भुंग्यासाठी प्रत्येक भोकात सिरिंजने लाकडाचं कीडनाशक भरून वर मेण लावतात, आणि काही आठवड्यांनी नवी भुकटी पडते का ते बघून गरज लागली तर पुन्हा भरतात.

रोजची देखभाल आणि छोट्या दुरुस्त्या

पॉलिशचं लाकूड घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. खोबरेल तेल लावू नका, त्यावर धूळ बसते आणि वास येऊ लागतो. तेलाच्या पॉलिशच्या सागवानाला वर्षातून एकदा, दिवाळीच्या सफाईत, जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि अर्ध्या तासाने उरलेलं तेल पुसून घ्या. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पाण्यात बुडवा किंवा मोकळी पसरून वाळवा. मेलामाइन किंवा पीयू पॉलिशला तेलाची गरजच नसते.

फ्रेंच पॉलिशवर गरम कपाचा पांढरा गोल उठला तर तो बहुधा अडकलेला ओलावा असतो. हेअर ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर, वीतभर अंतरावरून, सतत हलवत धरा. डाग फिका होत जातो. काळा गोल असेल तर पाणी लाकडात उतरलेलं आहे, तिथे पॉलिशवालाच लागेल.

पलंगाचे आणि खुर्च्यांचे बोल्ट पहिल्या महिन्यानंतर एकदा आणि मग पावसाळ्याच्या आधी-नंतर आवळा. कपाटाचं दार खाली आलं असेल तर बिजागरीचे दोन स्क्रू बघा. पुढचा स्क्रू दार डावं-उजवं करतो, मागचा आत-बाहेर. उंची बदलायची तर चौकटीवरच्या पट्टीचे स्क्रू ढिले करून दार उचलून पुन्हा आवळायचं. स्क्रू नुसता फिरत राहत असेल तर तो काढा, आगपेटीच्या दोन-तीन काड्यांची गुलं तोडून काड्या फेविकॉलमध्ये बुडवा, भोकात ठोकून बसवा, वरचा भाग कापा आणि पूर्ण रात्र वाळू द्या. सकाळी त्यातच बारीक भोक पाडून जुना स्क्रू हाताने आवळा, ड्रिलने नको. काड्यांचं लाकूड स्क्रूच्या आट्यांना धरतं आणि प्लायमध्ये ही दुरुस्ती बरीच वर्षं टिकते. पार्टिकल बोर्डात त्याच जागी पुन्हा सुटलं तर बिजागरी इंचभर वर सरकवा.

वेताच्या खुर्चीची बैठक खाली गेली असेल आणि वेत तुटलेला नसेल तर ती विणायला देण्याआधी एक करून बघा. खुर्ची उलटी करा, बैठकीच्या खालच्या बाजूला गरम पाण्यात भिजवलेला जाड टॉवेल अर्धा तास ठेवा, मग खुर्ची सावलीत वाऱ्याला ठेवून पूर्ण वाळवा आणि तोवर कुणाला बसू देऊ नका. वाळताना वेत आकसतो आणि बैठक ताणून घट्ट होते. हे काम नोव्हेंबरनंतरच करा, पावसाळ्यात वेत वाळण्याऐवजी बुरसतो.